राष्ट्रपती कोणी निवडावा? घटना समितीतला एक वाद

जुलै २०२२ मधली गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपल्यावर आम्ही काही मंडळी नेहमीप्रमाणे विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. तीनच दिवसांपूर्वी राष्ट्रपतिपदाचा निकाल लागला होता. द्रौपदी मुर्मू निवडून आल्या होत्या. संथाळ समाजातली एक बाई देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसणार, याचा आनंद सगळ्यांच्याच बोलण्यात होता. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एका आजींनी विचारलं, "अरे, पण याचं मतदान झालं कधी? आम्हाला कुणी चिठ्ठी आणून दिली नाही, बोटाला शाई लागली नाही." या आजींनी १९६२ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही. पोरं हसली. "आजी, ते आमदार-खासदार करतात." आजी म्हणाल्या, "मग आम्हाला का नाही विचारत?" कोणीतरी ठोकून दिलं, "बाबासाहेबांनीच घटनेत तसं ठेवलंय." आजींनी एवढ्यावर सोडलं नाही. "ठेवलं असेल. पण का ठेवलं?"

कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. बाबासाहेबांनी ठेवलं म्हणून ठेवलं, हे उत्तर स्वतः बाबासाहेबांनाच चाललं नसतं. तेव्हा घटना समितीतल्या चर्चा काढून वाचायला बसलो. जे हाती लागलं ते विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम पद्धत कशी आहे ते पाहू. घटनेच्या ५४ आणि ५५ या कलमांत ती सांगितलेली आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून एक निर्वाचक गण होतो. नेमलेल्या सदस्यांना यात मत नाही. आमदाराच्या मताला लोकसंख्येप्रमाणे मूल्य असते. महाराष्ट्राचेच घ्या. १९७१ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागायचं, पुन्हा हजाराने भागायचं, उत्तर येतं १७५. म्हणजे आपल्या भागाच्या आमदाराचं एक मत १७५ मतांच्या बरोबरीचं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २०, सिक्कीमच्या आमदाराचं ७. सगळ्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. ते २०२२ साली ७०० होतं. आता विचाराल की आकडा १९७१ चा का? तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला आणि पुढच्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तसाच ठेवला. ज्या राज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांना शिक्षा नको, असं त्यामागचं कारण आहे.

हा हिशेब आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने मोबाईलवर करून आजींना दाखवला. आजी म्हणाल्या, "म्हणजे माझं मत त्या १७५ मध्ये कुठंतरी आहे." आहे खरं. पण ते आमदाराच्या हातून जातं, आणि सगळा वाद त्या मधल्या हाताचाच आहे.

हा वाद घटना समितीत दोनदा रंगला. पहिल्यांदा जुलै १९४७ मध्ये. संघराज्याच्या घटनेसाठी जी समिती नेमली होती तिचे अध्यक्ष पंडित नेहरू होते आणि तिचा अहवाल त्यांनीच मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपण ब्रिटनप्रमाणे संसदेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ करणार आहोत. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे राहील. मग एका माणसाला सगळ्या देशाने मत देऊन निवडायचं आणि निवडल्यावर त्याच्या हाती काहीच सत्ता द्यायची नाही, हे विसंगत होईल. पैसा, वेळ, माणसं यांचा खर्च होईल तो वेगळाच. नुसत्या संसदेने निवडावं तर दिल्लीत ज्या पक्षाचं बहुमत त्याचाच माणूस, म्हणून प्रांतांच्या विधानसभांनाही मत द्यावं.

दुसऱ्यांदा वाद झाला तो डिसेंबर १९४८ मध्ये. त्या वेळी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उत्तर द्यायला बाबासाहेब उभे होते. समोर होते प्रा. खुशाल तलकशी शहा. आज त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. शहा मूळचे कच्छचे. मुंबई विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं. स्वातंत्र्याच्या आधी काँग्रेसने जी नियोजन समिती नेमली होती तिचे ते सचिव होते. घटना समितीत ते बिहारमधून आले आणि त्यांनी मसुद्याला दुरुस्त्यांचा नुसता पाऊस पाडला. पहिल्याच कलमात 'धर्मनिरपेक्ष' आणि 'समाजवादी' हे शब्द घाला, ही मागणी नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनीच केली होती. ती तेव्हा फेटाळली गेली. दोन्ही शब्द १९७६ मध्ये उद्देशिकेत आले. असा हा माणूस. बहुतेक वेळा हरणारा, पण प्रश्न मात्र नेमका विचारणारा.

शहांची दुरुस्ती अशी होती की राष्ट्रपती सर्व प्रौढ नागरिकांनी गुप्त मतदानाने थेट निवडावा. त्यांची कारणंही वजनदार होती. देशाचं सार्वभौमत्व लोकांकडे आहे असं आपण म्हणतो, मग देशाचा प्रमुख लोकांनी का निवडू नये? आमदार-खासदार पक्षाच्या शिस्तीत बांधलेले. ते निवडतील तो पक्षाचाच माणूस असेल. पंतप्रधान आणि राष्ट्रपती दोघेही एकाच पक्षाच्या मुठीत राहिले तर चूक झाल्यावर अडवणार कोण? शहांना मुळात अमेरिकेसारखी सत्तेची विभागणी हवी होती. थेट निवडलेला राष्ट्रपती हा त्या विचाराचाच भाग होता.

बाबासाहेबांच्या उत्तरात मुख्य मुद्दे तीन होते. मतदारांची संख्या प्रचंड आहे. एवढ्या मोठ्या निवडणुकीला लागणारा अधिकारीवर्ग आणि यंत्रणा आपल्याकडे नाही. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: राष्ट्रपतीला स्वतःची अशी प्रशासकीय सत्ताच नाही. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा आहे. हा मुद्दा त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडतानाच उलगडून सांगितला होता. आपला राष्ट्रपती आणि अमेरिकेचा अध्यक्ष यांच्यात नावापलीकडे साम्य नाही. आपला राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतीक आहे, राज्यकर्ता नव्हे. राष्ट्राच्या निर्णयावर उमटणाऱ्या शिक्क्यासारखं त्याचं स्थान आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाशी तुलना करायचीच असेल तर ती पंतप्रधानाशी करा, असंही त्यांनी सांगितलं.

माझं मत विचाराल तर पहिले दोन मुद्दे काळाने निकालात काढले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सतरा कोटींच्या वर मतदार, त्यातले बहुतेक निरक्षर, तरी चार महिन्यांत ती पार पडली. २०२४ साली तर चौसष्ट कोटी लोकांनी मतदान केलं. यंत्रणा नाही हे कारण आता कोणी देऊ शकणार नाही. तिसरा मुद्दा मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि तो समजायला त्याच्या मागचा विचार पाहावा लागतो.

नोव्हेंबरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी म्हटलं होतं की सरकारमध्ये दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळतील अशी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षे स्थिर, पण त्याला जाब विचारायचा तर पुढच्या निवडणुकीला. संसदीय पद्धतीत जाब रोज विचारला जातो, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी अधिक पसंत केली. म्हणजे पाहा, सत्ता तिथे हवी जिथे रोज प्रश्न विचारता येतो. राष्ट्रपतीला संसदेत कोणी प्रश्न विचारू शकत नाही. त्याला थेट लोकांचा कौल दिला की तो उद्या म्हणेल, मी साऱ्या देशाचा, तुम्ही एकेका मतदारसंघाचे. शिक्क्याला वाटायला लागेल की आपणच सही करणारे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाबासाहेबांचा स्वतःचा आराखडा याच्या एक वर्ष आधी वेगळा होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. त्यात विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत हलवता येणार नाही असं मंत्रिमंडळ सुचवलं होतं. त्याचा पंतप्रधान सगळ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडायचा आणि अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या अल्पसंख्याक सदस्यांनी निवडायचे. कारण उघड होतं. इंग्लंडात बहुमत राजकीय असतं, आज याचं, उद्या त्याचं. आपल्याकडचं बहुमत जन्माने ठरतं, ते बदलत नाही. म्हणून सत्तेच्या खुर्चीवर बसणाऱ्याला सगळ्यांची पसंती घ्यावी लागेल अशी व्यवस्था त्यांना हवी होती. तेव्हाही त्यांनी लोकांचं थेट मतदान सुचवलं नाही, हे लक्षात घ्यावं. देशभर थेट मतदान म्हणजे जन्माने ठरलेल्या बहुमताला अख्खा देश एक मतदारसंघ म्हणून मोकळा.

आता अमेरिकेकडे वळू, कारण शहांचा दाखला तिथला होता आणि बाबासाहेब तर १९१३ ते १९१६ तिथेच कोलंबिया विद्यापीठात शिकले. गंमत अशी की ज्या अमेरिकेचा दाखला थेट निवडणुकीसाठी दिला जातो तिथेही कायद्याने अध्यक्ष थेट निवडला जात नाही. तिथे ५३८ निर्वाचक असतात, २७० मिळाले की जिंकला. ही पद्धत आली कशी ते आपण मुद्दाम वाचण्यासारखं आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार होत होती. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन लोकांच्या थेट निवडणुकीच्या बाजूचे होते. जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैला कबूल केलं की लोकांनी निवडणं तत्त्वतः सगळ्यांत योग्य. पण अडचण दक्षिणेची. तिथे गुलाम पुष्कळ आणि गुलामांना मत नाही, मग थेट मतदानात दक्षिणेचं वजन कमी पडणार. निर्वाचकांच्या पद्धतीने ती अडचण सुटली. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला होता, आणि निर्वाचकांची संख्या त्याच जागांवरून ठरणार होती. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा मतं! परिणाम काय झाला? अमेरिकेच्या पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपदावर व्हर्जिनियाचे चार गुलाममालक होते.

पुढे गुलामगिरी गेली, पद्धत राहिली. १८७६ च्या निवडणुकीत टिल्डन यांना लोकांची मतं जास्त होती, पण वादग्रस्त मोजणीनंतर निर्वाचकांच्या १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने हेज अध्यक्ष झाले. त्या वादातून जी तडजोड झाली तिच्यानंतर दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य काढून घेतलं गेलं आणि नुकताच मताधिकार मिळालेला काळा समाज उघड्यावर पडला. अलीकडे २००० साली आणि २०१६ साली लोकांची मतं एकाला जास्त आणि अध्यक्ष दुसराच, असं पुन्हा घडलं. तेव्हा मधली पायरी नेहमी शहाणीच असते असं कोणी समजू नये. ती कोणाच्या सोयीसाठी घातली हे पाहावं. अमेरिकेत ती अफाट सत्ता असलेल्या खुर्चीपुढे घातली आहे, आपल्याकडे शिक्क्यापुढे. दोन्हींना एकच तराजू लावता येत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. हिंदू कोड बिल. बाबासाहेबांनी या बिलासाठी काय सोसलं ते आपल्या घराघरांत माहीत आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये बिल संसदेपुढे होतं. राष्ट्रपती होते डॉ. राजेंद्र प्रसाद. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीने त्यांना बिनविरोध निवडलं होतं. त्यांचा या बिलाला विरोध होता. १५ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की या बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नव्हे तर स्वतःच्या विवेकाने वागावं, असा आपला विचार आहे. संसदेला संदेश पाठवणं, संमती रोखणं, सगळ्याची त्यात तयारी होती. त्यांचा एक मुद्दा असाही होता की ही हंगामी संसद लोकांनी प्रौढ मताधिकाराने निवडलेली नाही, तिला एवढा मोठा सामाजिक बदल करण्याचा कौल नाही. स्वतः राष्ट्रपती तरी कोणत्या मतदाराकडून आले होते, असं विचारावंसं वाटतं, पण ते असो.

नेहरूंनी अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि ॲटर्नी जनरल सेटलवाड यांचा सल्ला घेतला. दोघांनीही सांगितलं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. बिल त्या वेळी मंजूर झालं नाही. ते मागे पडण्याला काँग्रेस पक्षातला विरोध आणि तोंडावर आलेली निवडणूक ही कारणं पुरेशी होती, सगळा दोष एका माणसावर टाकणं बरोबर नाही. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. परंतु क्षणभर कल्पना करा की शहांची दुरुस्ती मंजूर झाली असती आणि राजेंद्र प्रसाद कोट्यवधी मतांनी थेट निवडून आलेले असते. मग सल्ला देणाऱ्या वकिलांचं काय चाललं असतं? 'साऱ्या हिंदुस्थानने मला निवडलंय, मी सही करणार नाही,' एवढं एक वाक्य पुरे झालं असतं. प्रत्यक्षात काय झालं? विवाह कायदा १९५५ साली, वारसा, पालकत्व आणि दत्तक-पोटगीचे कायदे १९५६ साली मंजूर झाले आणि त्या प्रत्येकाला संमती देणारे राष्ट्रपती राजेंद्र प्रसादच होते. (हे कायदे आपणा बौद्धांनाही हिंदूंबरोबर लागू केले आहेत, ती तक्रार वेगळी, तिच्यावर वेगळा लेख होईल.) राजेंद्रबाबूंच्या मनातून तो प्रश्न गेला नव्हता. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीच्या एका समारंभात त्यांनी राष्ट्रपतीच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं जाहीरपणे म्हटलं. पण तोवर प्रघात पडून गेला होता.

आपल्या लेकीबाळींना, सुनांना वडिलांच्या घरात वाटा मिळण्याच्या वाटेवर एवढी एक अडचण येऊ शकली असती. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या माहेरची जमीन भावांच्या नावावर आहे.

म्हणजे अप्रत्यक्ष निवडणूक सगळी चांगलीच का? तसं म्हटलं तर बाबासाहेबांच्याच आयुष्याशी बेइमानी होईल. घटना समितीची निवडणूकच अप्रत्यक्ष होती. प्रांतांच्या विधानसभांनी सदस्य निवडायचे होते. १९४६ साली मुंबई विधानसभेत फेडरेशनचं बळ उरलं नव्हतं आणि काँग्रेसच्या बहुमतापुढे बाबासाहेबांना मुंबईतून वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या काही आमदारांनी ते धाडस केलं म्हणून ते समितीत पोचले. फाळणीने ती जागा गेली. मग ३० जून १९४७ रोजी राजेंद्र प्रसादांनीच बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं की डॉ. आंबेडकर समितीत हवेत, त्यांना मुंबईतून निवडून पाठवा. आणि लगेच दार उघडलं. एका वर्षात तेच दार बंद आणि तेच सताड उघडं, कारण किल्ली लोकांकडे नव्हती, पक्षाकडे होती. शहा जे सांगत होते ते हेच.

उलट बाजूही आहे. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईत थेट मतदानात बाबासाहेब सुमारे चौदा हजार मतांनी पडले. घटनेच्या शिल्पकाराला लोकांनी पाडलं. मग ते राज्यसभेवर गेले ते आमदारांच्या मतांनी, म्हणजे पुन्हा अप्रत्यक्ष वाटेने. दोन्ही वाटांनी त्यांना अडवलं आणि दोन्ही वाटांनी कधी ना कधी पुढे नेलं.

शहांची भीती सर्वांत जास्त खरी ठरली ती २५ जून १९७५ च्या रात्री. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पुढे ४२ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतीवर सल्ल्याचं बंधन स्पष्ट लिहिलं आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला. हा छोटासा अधिकार, पण तो वापरायला माणूस हवा होता. तो आला १९९७ साली. के. आर. नारायणन, केरळातल्या उळवूरच्या गरीब दलित घरातले. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी परत पाठवली. एक सरकार गुजरालांचं, दुसरं वाजपेयींचं. दोन्ही वेळा सरकारने पाय मागे घेतला. हे नारायणन आमदार-खासदारांनीच निवडलेले होते, ९,५६,२९० मतमूल्याने. समोर शेषन होते, त्यांना ५०,६३१ मिळाली.

नारायणन थेट मतदानात निवडून आले असते का? आमच्या ओट्यावर यावरून जोरात वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, पक्ष आपल्या सोयीसाठी आपल्यातला चेहरा पुढे करतात. २०१७ साली तर कोविंद आणि मीरा कुमार, दोन्ही बाजूंनी दलितच उमेदवार. याने वस्तीतलं काय बदललं? वयस्कर मंडळी म्हणाली, थेट निवडणुकीला शेकडो कोटी आणि जात दोन्ही लागतात, आपल्यातल्याला तिथवर कोण पोचू देणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी एवढंच म्हणतो की थेट निवडणूक म्हणजे आपोआप दुबळ्याचं राज्य, हे गृहीत धरू नये. शेजारच्या श्रीलंकेने १९७८ च्या घटनेने सत्ताधारी राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून निवडायला घेतला. अल्पसंख्याकांची मतं त्याला मागावी लागतील असं सांगितलं जात होतं. २०१९ साली गोटाबाया राजपक्षे मुख्यतः बहुसंख्य सिंहली मतांवरच निवडून आले. २०२२ साली देश दिवाळखोरीत गेला तरी मुदतीआधी त्यांना हटवायला सोपी वाट नव्हती. शेवटी जुलैमध्ये लोक त्यांच्या निवासस्थानात घुसले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. संसदीय पद्धतीत एका अविश्वास ठरावाचं काम होतं.

आपल्या गावाकडेही हाच वाद चालूच असतो, फक्त नाव वेगळं. सरपंच जनतेतून निवडायचा कायदा २०१७ साली झाला, २०२० साली रद्द झाला, आणि २०२२ च्या जुलैमध्येच पुन्हा आणण्याचा निर्णय झाला. नगराध्यक्षाचंही तसंच मागेपुढे चाललं. सरकार बदललं की पद्धत बदलते, त्यात तत्त्वापेक्षा कोणाला काय सोयीचं हेच जास्त असतं. पण सरपंचाच्या हाती खरोखर निधी आहे, सह्या आहेत, पाण्याची योजना आहे. तिथे लोकांनी थेट निवडण्याला अर्थ आहे असं मला वाटतं. मात्र जनतेतून आलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे, अशी गावं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असतील. तिथे कामं कशी अडतात तेही पाहिलं असेल.

राहता राहिले प्रा. शहा. पहिली राष्ट्रपती निवडणूक मे १९५२ मध्ये झाली तेव्हा राजेंद्र प्रसादांच्या विरोधात ते स्वतः उभे राहिले. जी पद्धत नको म्हणून भांडले तिच्याच रिंगणात उतरले! प्रसादांना ५,०७,४०० आणि शहांना ९२,८२७ मतमूल्य मिळालं. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचं निधन झालं.

हे सगळं आजींना चार-पाच रविवार मिळून सांगितलं. त्यांना शेवटी लक्षात राहिलं ते नारायणन. फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी राष्ट्रपतिपदावर असताना सामान्य मतदारासारखं रांगेत उभं राहून मत दिलं. त्याआधीच्या कोणत्याही राष्ट्रपतीने पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलं नव्हतं. आजींनी विचारलं, "शाई लावली त्यांच्या बोटाला?" मी म्हटलं, लावली असणारच. "मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि दिव्यातलं तेल पाहायला आत गेल्या.